राहिलेली अकरा पानं

मंगळवार, ४

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. वाचनालयाच्या बालविभागाची देवघेव रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम गेले दोन महिने माझ्याकडे आहे. मी ज्या संगणक कंपनीत आहे तिने मला एकटीला पाठवलं आहे. बसते मागच्या दप्तरखोलीत, तिथून देवघेवीची खिडकी दिसत नाही.

२. रजिस्टरात काही सभासदांच्या क्रमांकाशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. सुरुवातीला मी तो डाग समजून सोडून दिला.

३. डाग असते तर दर वेळी क्रमांकाच्या उजव्या अंगालाच पडले नसते. म्हणून ठिपकेवाली कार्डं वेगळी काढली. एकेचाळीस निघाली.

४. नियमाप्रमाणे बालविभागाचं कार्ड सोळाव्या वर्षी बंद होतं. ही एकेचाळीस कार्डं ज्या मुलांची आहेत ती केव्हाच मोठी झाली. कार्डं मात्र चालू आहेत.

५. आज दुपारी सव्वातीनला ही यादी मी सही करून चिटणिसांना पाठवली. यादीत फक्त क्रमांक आणि ठिपक्यांचा खुलासा होता, नावं नव्हती.

६. साडेतीनला क्रमांकांना नावं जोडली. क्रमांक ११८७ माझा आहे.

७. त्या कार्डावर मी शेवटचं पुस्तक पंधराव्या वर्षी घेतलं. आता मी सत्तावीस वर्षांची आहे. कार्डावरचं शेवटचं पुस्तक गेल्या गुरुवारी गेलं.

ते कार्ड आमच्या घरी होतं. घरात माझ्याशिवाय एकच माणूस राहतं.

सोमवारी समितीची बैठक आहे. यादीतली कार्डं तेव्हा रद्द होतील. यादी परत मागवायला मला कारण हवं, आणि माझ्याकडे जे कारण आहे ते सांगण्यासारखं नाही.

बुधवार, ५

बाबा रोज चारला पिशवी घेऊन बाहेर पडतात आणि सहाला परततात. भाजी आणतात. भाजीला दोन तास का लागतात, हा प्रश्न मला वर्षभरात पडला नव्हता.

आज मी घरून काम केलं. ते बाहेर गेल्यावर त्यांच्या खोलीत गेले. टेबलावर दोन पुस्तकं, दोन्हींना वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे नीट दुमडलेले. ही कव्हरं मी रोज बघते. बाबा चौतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी समजत होते की ही लिफ्टची माहितीपुस्तकं आहेत. उघडून पाहिलं. एक शाळेतून पळालेल्या दोन मैत्रिणींचं. दुसऱ्यात एक मुलगा आणि घोडा.

पट्टीने अक्षरं मोजली. नेहमीच्या कादंबरीपेक्षा दीडपट मोठी आहेत. ओळींमधलं अंतरही जास्त. बाबांचा चष्मा तीन वर्षांत बदललेला नाही. तेव्हा कारण डोळे हेच असावं. मोठ्या अक्षरांतली मोठ्यांची पुस्तकंही मिळतात. चौकशी करून ठेवते, म्हणजे कार्ड गेलं तरी त्यांची अडचण होणार नाही.

पुस्तकं होती तशीच ठेवली. बाबांना काही विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नाही.

गुरुवार, ६

बालविभागाच्या बाईंना मुलं शूबाई म्हणतात. दिवसभरात त्या 'शू' एवढंच बोलतात, असा मुलांचा दावा आहे. मी लहान असतानाही त्याच होत्या आणि हेच नाव होतं. दोन महिन्यांत त्यांनी मला ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही.

आज ठिपक्याचं विचारलं. त्या परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ही माणसं पुस्तकं स्वतःसाठी नेतात.

म्हणजे फसवतात, असं मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग सांगू लागल्या. मुलं काय, दिसेल ते ओढून नेतात, नाही आवडलं तर परत आणून आदळतात. ही मोठी माणसं मात्र कपाटासमोर अर्धा अर्धा तास उभी राहतात आणि तोंडाने म्हणतात, भाच्यासाठी पाहतोय. एक मोटार शिकवणारे गृहस्थ आहेत, त्यांच्या भाच्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली, तरी भाचा अजून साहसकथाच वाचतो. इस्पितळातल्या एक मुख्य परिचारिका आहेत. रात्रपाळी संपली की थेट इथे, डोळे लाल, आणि म्हणतात, काहीतरी असं द्या ज्यात शेवटी सगळे घरी पोचतात. कोण कशासाठी येतं ते लक्षात राहावं आणि त्यांना मागायची वेळ येऊ नये, म्हणून ठिपका. नवं पुस्तक आलं की शूबाई ते टेबलाच्या खणात ठेवतात आणि ठिपकेवाला समोर आला की नुसतं पुढे सरकवतात.

"तुमची यादी गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"ठिपके?"

"तेही गेले."

त्यांनी शिक्क्याची तारीख तपासली, आज दिवसभर ती बरोबरच होती, आणि पुढचं पुस्तक ओढलं. बाकीचा दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

क्रमांक ११८७ बद्दल मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांना माहीत आहे.

शनिवार, ८

सुट्टी. तरी नोंदी घरी आणल्या आहेत.

कार्ड ११८७. मी शिकायला बाहेर गेले त्या महिन्यापासून ते पुन्हा सुरू झालं. नऊ वर्षांत चारशे अडतीस पुस्तकं. त्यातली पहिली एकशे त्रेसष्ट मी लहानपणी नेलेलीच आहेत, आणि त्याच क्रमाने. एकही सोडलेलं नाही. सहामाहीच्या सुट्टीत मी एकच पुस्तक लागोपाठ तीनदा नेलं होतं. बाबांनीही ते तीनदा नेलं आहे.

याचं कारण असं असू शकतं, की काय वाचावं ते सुचत नव्हतं आणि जुनं रजिस्टर समोर होतं. तयार यादी मिळाली की निवडायचा त्रास वाचतो. एकशे त्रेसष्टनंतर त्यांचा क्रम स्वतंत्र आहे. तोवर त्यांना सवय लागली असणार.

एक विसंगती. दाखलाक्रमांक ३३०६ हे पुस्तक नऊ वर्षांत नऊ वेळा गेलं आहे, वर्षातून एकदा, ठराविक आठवड्यात, आणि प्रत्येक वेळी दोन दिवसांत परत. तो आठवडा कोणता ते मला माहीत आहे. मी अकरा वर्षांची असताना त्या आठवड्यात आई गेली. यंदाचा तो आठवडा पुढच्या महिन्यात येतो.

हे पुस्तक कोणतं तेही मला माहीत आहे. एका गावात धरणाचं पाणी चढतंय आणि एक मुलगी शाळेची घंटा काढून आणायला एकटी होडी घेऊन परत जाते. त्याबद्दल आज लिहीत नाही.

रविवार, ९

जेवताना मी म्हटलं की वाचनालयात मोठ्यांच्या विभागात ठळक अक्षरांची पुस्तकं आली आहेत. बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "डोळे बरे आहेत माझे, इंजिनियर." मी नोकरीला लागल्यापासून ते मला या नावाने हाक मारतात. त्यात थट्टा किती आणि अभिमान किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

मग मी विचारलं. सरळ नाही. लोक मुलांची पुस्तकं का वाचत असतील, असं विचारलं, बालविभागाचं काम करते आहे म्हणून.

त्यांनी पाणी प्यायलं. ताट बाजूला केलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना बऱ्याच दिवसांनी ऐकलं, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवते.

"मोठ्यांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर सगळे दमलेले असतात. दमलेली माणसं मी चौतीस वर्षं वर-खाली नेली. आता घरी बसून आणखी कशाला वाचू? या पोरांना अजून कोणी सांगितलेलं नसतं, की हे तुझ्याच्याने होणार नाही. निघतात बिचारी. आपल्याला कळत असतं की पुढे मार खाणार आहेत. तरी वाटतं, जाऊ दे, एकदा जाऊन बघू दे."

मग एकदम म्हणाले, "म्हणजे असं लोकांना वाटत असेल," आणि ताट उचलून बेसिनकडे गेले.

तेव्हा सांगता आलं असतं. उद्या बैठक आहे, यादी माझी आहे, दोन वाक्यांचं काम होतं. मी टेबल पुसलं.

सोमवार, १०

बैठकीच्या आधी चिटणिसांना भेटले. पूर्वी ते सरकारी हिशेबनीस होते आणि प्रत्येक कागद उलटा करून मागची बाजूही बघतात. मी म्हटलं, ठिपका हा भक्कम पुरावा मानता येणार नाही. ते म्हणाले, मग सही का केलीत? प्रश्न बरोबर आहे. मी म्हटलं, ही माणसं पुस्तकं वेळेवर आणतात. एकेचाळीस कार्डांवर नऊ वर्षांत एकही पुस्तक हरवलेलं नाही, उलट मुलांच्या कार्डांवर दोनशे बारा हरवली आहेत. त्यांच्यासाठी वेगळं कार्ड काढता येईल. त्यावर ते सौम्यपणे म्हणाले, "मोठ्या माणसांना मोठ्यांचा विभाग आहे. बेचाळीस कपाटं आहेत तिथे. तेवढी पुरू नयेत?"

एकेचाळिसांतलं एक कार्ड माझं आहे, हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. कामाच्या करारातच तसं कलम आहे.

दार उघडं होतं, त्यामुळे बैठक बाहेर ऐकू येत होती. एक सभासद म्हणाले, चाळिशीतली माणसं राक्षसाच्या गोष्टी वाचतात म्हणजे कमाल आहे, घरी बायको पुरत नाही वाटतं. बरेच हसले. मग ठराव झाला. एकेचाळीस कार्डं रद्द. गैरवापराला सहकार्य केल्याबद्दल शूबाईंची तळघरातल्या बांधणीच्या खोलीत बदली. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. माझ्या अहवालाच्या नेमकेपणाबद्दल माझे आभार मानले गेले. तशी नोंदही आहे.

गुरुवार, १३

वाचनालयाचं पत्र आलं. अर्थात माझ्या नावावर, कारण कार्ड माझं. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ते माझ्या ताटाशेजारी ठेवलेलं होतं, न फोडता. पाकिटावर वाचनालयाचा शिक्का होता. बाबा समोर बसले होते. पंखा बंद होता.

"फोड," ते म्हणाले.

मी फोडलं आणि वाचलं. आपले बालविभागाचे कार्ड वयोमर्यादा उलटूनही वापरात असल्याचे निदर्शनास आल्यामुळे, वगैरे. त्यांनी हात पुढे केला, मी कागद दिला. चष्मा न लावता त्यांनी तो सबंध वाचला.

"मी वापरत होतो," ते म्हणाले. "तुझ्या कपाटात पडलं होतं. नऊ वर्षं झाली. तू तिथेच काम करतेस आणि माझ्यामुळे तुझ्या नावावर हे आलं. साहेबांना मी येऊन सांगू का? सांगतो, की पोरीला काही माहीत नव्हतं."

मी म्हटलं, गरज नाही.

"नोकरीवर काही येणार नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी कागदाची घडी होती तशी घातली आणि पाकिटात सरकवली. "चूक झाली माझी," म्हणाले. ते माझी माफी मागत होते. मी बसून ऐकून घेतलं.

शुक्रवार, १४

चार वाजले. बाबा गेले नाहीत. मी आज घरून काम करत होते म्हणून कळलं. पिशवी खिळ्यालाच होती.

दोन्ही पुस्तकं त्यांनी सकाळीच परत केली होती. घोड्याच्या पुस्तकाची शेवटची साठ पानं राहिली होती. खूण कुठे होती ते मी आदल्या रात्री पाहिलं होतं.

शनिवार, १५

आजही नाही.

सोमवार, १७

कामाचा शेवटचा आठवडा. बाद पुस्तकांची मोजणी तळघरात होती. तिथे शूबाई होत्या. डिंकाचा डबा, सुतळी आणि फाटक्या पुस्तकांचा ढीग. खिडकी नाही. आता शू म्हणायला समोर कोणी नाही.

बाद पुस्तकांची यादीही माझीच. ज्या पुस्तकांच्या नोंदीत 'जीर्ण' शेरा होता ती सगळी मी संगणकाच्या एका आज्ञेत वेगळी काढली होती. त्या ढिगात दाखलाक्रमांक ३३०६ होतं. शेरा असा: पाने मळकी, कडांना तेलकट डाग. हा शेरा मीच गेल्या महिन्यात टाइप केला होता, पुस्तक न उघडता, जुन्या रजिस्टरवरून.

आज उघडलं. डाग म्हणजे अंगठ्याचे ठसे आहेत. प्रत्येक उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक, काळपट. लिफ्टच्या दोराला लावतात ते वंगण साबणाने पूर्ण जात नाही. मी लहान असताना बाबा कामावरून आले की हात दोनदा धुवायचे आणि मग मला एक प्रकरण वाचून दाखवायचे. पान धरायला अंगठा तिथेच यायचा. काही ठसे फिके आहेत, काही गडद, एकावर एक. ते सगळे एका वर्षाचे नाहीत.

ठसे पान एकशे एकतीसपर्यंत आहेत. एकशे बत्तीस ते एकशे बेचाळीस, अकरा पानं, कोरी करकरीत.

मी पुस्तक शूबाईंपुढे धरलं. त्या खळ ढवळत होत्या.

"ते शेवट वाचत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, तो आमच्या दोघांचा राहिलाय. एकट्याने कसा वाचू?"

त्यांनी ढवळणं थांबवलं.

"तुम्ही लहानपणी बाकावर पाय वर घेऊन बसायच्यात. कितीदा सांगितलं तुम्हाला, ऐकायच्या नाहीत."

मी विचारलं, माझ्यावर राग आहे का. त्या म्हणाल्या, आहे. मग म्हणाल्या, बाद झालेलं पुस्तक कोणीही नेऊ शकतं, त्याला कार्ड लागत नाही.

बुधवार, १९

हे आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आई इस्पितळात होती तेव्हा आम्ही हे पुस्तक वाचत होतो. पान एकशे एकतीसवर फोन आला. त्यानंतर घरात आठवडाभर माणसं होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत बसलेले असताना मी पुस्तक घेतलं आणि माळ्याच्या शिडीखाली बसून उरलेली अकरा पानं वाचून टाकली. मला पुढचं हवं होतं. पुढे काय झालं हे कळण्यासारखी तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.

महिन्याभराने बाबा पुस्तक घेऊन माझ्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, राहिलंय ते वाचायचं का? मी म्हटलं, मी आता मोठी झाले. ते बरं म्हणाले. पुन्हा कधी आले नाहीत. मग चार वर्षं मी दार लावून एकटीने वाचत राहिले आणि काय वाचते ते कोणाला सांगितलं नाही. नंतर त्यांनी ते सगळं क्रमाने वाचून काढलं, त्या तीनदा नेलेल्या पुस्तकासकट.

आठ तारखेला मी लिहिलं की निवडायचा त्रास वाचतो. ते खोडत नाही. तसंच राहू दे.

आणखी एक अडचण आहे. शेवट चांगला नाही. घंटा मुलीच्या हातून सुटते आणि पाण्यात जाते. ती रिकाम्या होडीने परत येते आणि काठावर कोण उभं आहे हे लेखकाने सांगितलेलं नाही. सोळा वर्षं राखून ठेवावा असा तो शेवट नाही. हे त्यांना आधी सांगावं की नाही, यावर मी आज दिवसभर विचार केला. ठरलं नाही.

बाबांना द्यायच्या पत्राचा पहिला मसुदा मुद्द्यांचे क्रमांक घालून लिहिला होता. फाडला.

गुरुवार, २०

पुस्तकं परत केल्यापासून, सहा दिवसांत, बाबा घराबाहेर पडलेले नाहीत. भाजी मी आणते. वीस मिनिटं लागतात.

पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. कोपरे त्यांच्यासारखे बसत नाहीत. पान एकशे एकतीसवर पत्र ठेवलं आणि ते आंघोळीला गेले तेव्हा टेबलावर ठेवून कामावर आले. पत्राची नक्कल इथे ठेवते.

*बाबा,*

*कार्ड तुमच्यामुळे रद्द झालं नाही. यादी मी केली होती. पाठवली तेव्हा त्यात आपलं कार्ड आहे हे मला माहीत नव्हतं. कळल्यावर तुम्हाला सांगायला नऊ दिवस होते, मी सांगितलं नाही. तुम्ही माफी मागितलीत तेव्हाही गप्प बसले. आणखी चाळीस जणांची कार्डं गेली आणि बालविभागाच्या बाईंची जागा गेली. ते माझ्याने परत करता येत नाही. मी प्रयत्न केला, पण उशिरा केला.*

*हे पुस्तक वाचनालयाने बाद केलं आहे. ते आता आपलं आहे, परत करायचं नाही.*

*याची राहिलेली अकरा पानं मी तेव्हाच वाचली होती. तिसऱ्या दिवशी, तुम्हाला न सांगता. मी मोठी झाले म्हणाले होते ते खरं नव्हतं. शेवट मला माहीत आहे. तो मी सांगणार नाही.*

*तुमची हरकत नसेल तर ती पानं मला तुमच्याबरोबर वाचायची आहेत. या वेळी मी वाचेन, तुम्ही ऐका. रविवारी मी दिवसभर घरी आहे. हो की नाही, एवढंच शनिवार, २२ तारखेपर्यंत कळवा. बोलायचं नसेल तर पत्राच्या मागे लिहून माझ्या ताटाशेजारी ठेवा.*